अकरा खुंट्या

सही तिनेच केली होती, त्यामुळे खापर फोडायला दुसऱ्या कुणाचं डोकं शोधण्यात अर्थ नव्हता.

फुटबॉल क्लबचा व्यवस्थापक चष्म्याच्या दुकानात आला, तेव्हा ती एका बाईंच्या डोळ्यांसमोर काचा बदलत "आता स्पष्ट दिसतंय, की मघाशी दिसत होतं?" असं विचारत होती. व्यवस्थापक गुळगुळीत दाढीचा आणि त्याहून गुळगुळीत बोलणारा माणूस. बाईंचा नंबर निघेपर्यंत तो गॉगलचा स्टँड गरागरा फिरवत उभा राहिला आणि मग त्याने काउंटरवर एक कागद पसरला. क्लब मास्तरांचा सन्मान करणार होता. हातात गुच्छ देऊन बोळवण करण्यातला सन्मान नव्हे, कायमचा. गॅलरीखालच्या बुटांच्या ज्या खोलीत मास्तर एकोणीस वर्षं राहत होते, ती जशीच्या तशी जपून तिचं स्मृतिदालन करायचं. त्यांची खाट, त्यांची किटली, त्यांची शिट्टी, भिंतीवरच्या अकरा खुंट्या, सगळं जागच्या जागी.

"आणि बाबा?" तिने विचारलं.

"म्हणून तर आपल्याकडे आलो," व्यवस्थापक म्हणाला. "आत माणूस राहतोय तोवर दालन कसं करणार?"

तिथेच तिने त्याला दुकानाबाहेर काढायला हवं होतं. पण तिने चष्मा चढवला, कागद वाचला आणि 'निकटचे नातेवाईक' या शब्दांपुढे सही ठोकली.

का केली, तेही सांगायला हवं. मास्तर म्हणजे तिचे वडील. सतरा वर्षं त्या क्लबकडून खेळले, सत्तावीस वर्षं त्यांनी क्लबचा संघ घडवला आणि बायको गेल्यावर घर सोडून सरळ बुटांच्या खोलीत मुक्कामाला गेले. नवे प्रशिक्षक आले, गेले. मास्तर आपले बूट पुसत बसलेले. आता वय एक्क्याऐंशी. गेल्या थंडीत ते तिथे पडले आणि मैदानाचा माळी येईपर्यंत चार तास सिमेंटच्या जमिनीवर तसेच पडून होते. तेव्हापासून फोन वाजला की ही हातातलं काम टाकून धावायची. 'घरी चला' म्हणून तिने किती वेळा हातापाया पडून पाहिलं, पण म्हातारा हलायला तयार नव्हता. आता क्लबच त्यांना हलवणार होता आणि वर हार घालणार होता. तिला वाटलं, चला, घोडं गंगेत न्हालं.

हे झालं सगळ्यांना सांगायचं कारण. दुसरं एक होतं, ते ती कुणाला सांगत नसे. जन्मभर तिने वडिलांना त्या क्लबबरोबर वाटून घेतलं होतं, आणि वाटणीत तिच्या वाट्याला कायम उरलंसुरलं आलं होतं. शाळेतलं बक्षीस घेताना, पहिल्या बाळंतपणात, तिच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा बाबा घड्याळ बघत उभे. निदान म्हातारपण तरी आपल्याला मिळावं, एवढंच तिला हवं होतं. यात फार मागितलं असं तिला अजूनही वाटत नाही.

मास्तरांना तिने सांगितलं, तेव्हा ते एका बुटाच्या तळाचे खिळे चाकूच्या टोकाने साफ करत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"खोलीचं चांगलं होणार म्हणतेस ना?"

"हो बाबा. सगळं जपून ठेवणार आहेत."

"मग होऊ दे," ते म्हणाले आणि दुसरा बूट हातात घेतला.

मास्तर मुळात बोलणारे नव्हतेच. त्यांचा सगळा कारभार त्या खुंट्यांवर चालायचा. सामन्याच्या दिवशी खेळाडू खोलीत यायचे आणि भिंतीकडे बघायचे. ज्याचे बूट खुंटीवर, तो खेळणार. ज्याचे खाली जमिनीवर, तो राखीव. आज बाकावर बसायचं, पण संघात आहेस. कोणी 'का' विचारायचं नाही, विचारलं तरी उत्तर मिळायचं नाही. लहानपणी हिनेही एकदा तो प्रयोग करून पाहिला होता. आठ वर्षांची असताना, अंतिम सामन्याच्या सकाळी, तिने आपले पांढरे कॅनव्हासचे बूट खडूने घासून लख्ख केले आणि गुपचूप त्या खुंट्यांखाली नेऊन ठेवले. निदान जमिनीवर तरी राहतील असं तिला वाटलं होतं. बाबांनी ते उचलून तिच्या हातात दिले. "खुंट्या अकराच आहेत, बाळ. जा, आई वाट बघत असेल." बस्स. आज पन्नाशी उलटली तरी ते वाक्य तिला पाठ आहे.

सोमवारी मास्तर एक पिशवी घेऊन लेकीच्या घरी आले. तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नात शिकायला बाहेरगावी, तिची खाट रिकामीच होती. लेकीने नवी चादर घातली होती, खिडकीत बसायला खुर्ची ठेवली होती. मास्तर खुर्चीत बसले ते बसलेच. खिडकीतून समोरच्या इमारतीची भिंत दिसत होती. ती भिंतच ते बघत राहिले.

एक गोष्ट मात्र तिच्या नवऱ्याला फार आवडली. मास्तरांनी आल्याआल्या बूट काढले, त्यांच्या नाड्या एकमेकींना बांधल्या आणि जोडी दाराबाहेर पायरीवर ठेवली.

"बघ, याला म्हणतात शिस्त," नवरा म्हणाला. घरात धुळीचा कण दिसला की याचा जीव खालीवर होतो. "नाहीतर तू. पायातल्या सँडल घेऊन सरळ हॉलमध्ये."

बाहेरून कुणी उचलून नेईल म्हणून तिने ते बूट आत आणले, नाड्या सोडवल्या. मंगळवारी सकाळी ते पुन्हा बाहेर, पुन्हा तशीच गाठ. तिने पुन्हा आत आणले. बुधवारी पुन्हा बाहेर. वयाचा विसराळूपणा असेल, असं ती समजली. खरी काळजी तिला जेवणाची होती. सोमवारी बाबांनी अर्धं ताट खाल्लं, मंगळवारी चार घास, बुधवारी नुसतं पाणी. काय दुखतंय विचारलं तर मान हलवून नाही. डॉक्टर येऊन गेला. रक्तदाब बरा, छाती साफ. "जागा बदलली की होतं असं," तो म्हणाला. पण तिचं मन काही थाऱ्यावर येईना.

गुरुवारी दुपारी भिंत आला. भिंत म्हणजे क्लबचा जुना गोलरक्षक. आता साठी ओलांडलेला, पोट सुटलेला, बेकरीची गाडी चालवणारा. चेंडू त्याला ओलांडून जात नसे म्हणून मास्तरांनीच हे नाव ठेवलं होतं, आणि ते इतकं चिकटलं की त्याची बायकोसुद्धा त्याला भिंत म्हणते. हातात गरम पावाची पिशवी घेऊन तो तीन मजले चढून आला आणि दाराशीच थबकला. तिने दार उघडलं तेव्हा त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"पोरी, हे कुणी ठेवलं इथं?"

"बाबाच ठेवतात रोज. मी आत घेते, ते परत—"

"गाठ कुणी मारली?"

"बाबांनीच. का हो काका?"

भिंत मटकन पायरीवर बसला. पावाची पिशवी त्याने मांडीवर घट्ट धरून ठेवली होती.

"तुला दोनच जागा ठाऊक असतील. खुंटी आणि जमीन," तो म्हणाला. "तिसरी तू बघितली नसशील, ते काम पहाटे उरकलेलं असायचं. ज्याला क्लबमधून काढायचं, त्याचे बूट दाराबाहेर. नाड्या एकमेकींना बांधून. म्हणजे खांद्यावर टाक आणि जा, इथलं तुझं संपलं. मी तेहतीस वर्षांचा होतो, तेव्हा माझे बघितले. दार वाजवलं, उघडलं नाही. खिडकीतून डोकावलं तर मास्तर माझ्याकडे पाठ करून बसले होते, खांदे हलत होते." त्याने तळहाताने नाक पुसलं. "पोरी, मास्तरांनी स्वतःला काढून टाकलंय."

चार दिवस ती रोज सकाळी ती गाठ सोडवत होती, आणि चार दिवस एक माणूस आपण संपलो असं तिला सांगत होता. ऐकायला कुणी नव्हतं. आणि त्यांना या पायरीवर आणून सोडलं कुणी, तर तिने, चष्मा लावून, वाचून, सही करून.

शुक्रवारी दुकानातून सुट्टी घेऊन ती क्लबच्या कचेरीत गेली. बाहेर रविवारच्या सोहळ्यासाठी खुर्च्या मांडत होते, फलक टांगत होते. व्यवस्थापकाने तिला बसवलं, चहा सांगितला.

"माझी सही मला परत हवी," ती म्हणाली.

"अशी कशी परत मिळेल? अध्यक्षांपासून सगळ्यांना निमंत्रणं गेली आहेत."

"निमंत्रणं राहू द्या. सोहळा करा, हार घाला, पाटी लावा, काय वाटेल ते करा. पण बाबांना त्या खोलीत राहू द्या. ते जेवत नाहीयेत हो. चार दिवस झाले."

व्यवस्थापक वाईट माणूस नव्हता, हीच तर पंचाईत. वाईट असता तर तिने चार खडे बोल सुनावले असते. त्याने खरंच चेहरा पाडला. "ताई, अग्निशमनवाल्यांचा दाखला बघा. गॅलरीखाली कुणी राहायचं नाही, असा नियमच आहे. एकोणीस वर्षं आम्ही डोळ्यांवर कातडं ओढलं. उद्या काही झालं तर?"

"मग दिवसा बसू द्या. रात्री मी घरी नेईन. नुसते बूट पुसत बसतील एका कोपऱ्यात."

"आत आता दोर लागलाय. वस्तूंची यादी झालीय, किटलीलासुद्धा क्रमांक आहे. तरी पुढच्या बैठकीत विषय घेतो."

"बैठक कधी आहे?"

"दोन महिन्यांनी."

ती उभी राहिली, पुन्हा बसली, पुन्हा उभी राहिली. आपल्या तोंडून काय निघतंय याचं भान तिला उरलं नव्हतं. "दोन महिन्यांत तुम्हाला खाटेवर ठेवायला त्यांचा फोटो लागेल," ती म्हणाली आणि चहाला हात न लावता बाहेर पडली.

शनिवारी मास्तर उठलेच नाहीत. भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. ती खाटेच्या कडेला बसली आणि तिने आधी समजूत घातली, मग विनवण्या केल्या, मग तिचा तोल सुटला. "बोला की काहीतरी! शिव्या द्या! मी चुकले म्हणते ना! तुम्ही जमिनीवर पडलात तेव्हा चार तास मी काय करत होते माहितेय? दुकानात बसून लोकांच्या चष्म्यांचे स्क्रू आवळत होते. ते मला सहन होत नव्हतं म्हणून सही केली. आणि तुम्ही माझ्या दाराबाहेर बूट ठेवता?" मास्तरांनी हात मागे नेला, चाचपडत तिच्या गुडघ्यावर दोनदा थोपटलं आणि काढून घेतला. सामना हरून आलेल्या खेळाडूला ते असंच थोपटायचे. तिला त्याहून एखादी थोबाडीत परवडली असती.

रविवारी मात्र ते स्वतःहून उठले, दाढी केली, कोट घातला. "बोलावलंय तर जायला हवं," एवढंच म्हणाले. जिने उतरताना तिने त्यांचा दंड धरला, तर कोटाच्या बाहीत हाडच हाताला लागलं.

मैदान फुललं होतं. जुने खेळाडू वीसेकजण आले होते. कुणाच्या हातात काठी, कुणाच्या कानात यंत्र, आणि सगळे मास्तरांना बघून अजूनही ताठ उभे राहत होते. अध्यक्षांनी भाषण केलं. मास्तरांची जागा आमच्या हृदयात आहे, असं ते तीनदा म्हणाले. तिच्या मनात आलं, हृदयात कशाला हवी होती, गॅलरीखाली होती तेवढी पुरे होती. मग सगळी वरात खोलीकडे निघाली.

दाराला निळी फीत होती. दाराबाहेर पायरीवर, मखमल पांघरलेल्या चौरंगावर, मास्तरांचे स्वतःचे बूट ठेवले होते. ते खेळत होते तेव्हाचे, चामडं तडकलेले. दोन्हींच्या नाड्या एकमेकींना बांधून वर सुरेख गाठ मारली होती.

"येणाऱ्याचं पहिलं लक्ष मास्तरांच्या बुटांवर जायला हवं, अशी कल्पना आहे," सजावट करणारी बाई कौतुकाने सांगत होती. "आणि पडू नयेत म्हणून बांधलेत."

त्या बाईची काहीच चूक नव्हती. तिला कुणी सांगितलंच नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं नव्हतं. पण ते वीस म्हातारे जागच्या जागी थांबले. कुणीतरी "अरे देवा" म्हणालं. भिंतीने टोपी काढून छातीशी धरली. अध्यक्ष कात्री पुढे करून हसत उभे होते, फोटोवाले म्हणत होते, "मास्तर, इकडे बघा."

मास्तर बुटांकडे बघत होते. त्यांनी एकदा मान डोलावली. त्यात राग नव्हता, तक्रार नव्हती. निर्णय कळला, एवढंच होतं. सत्तावीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांना जे निमूट मानायला लावलं, ते आज स्वतः मानलं. मग ते वळले आणि फाटकाकडे चालू लागले.

आत्ता हे गेले तर कायमचे गेले, हे तिला इतकं लख्ख कळलं की तिने विचारच केला नाही. तिने चौरंगावरून बूट उचलले. गाठ सुटेना, नखं मोडली तरी सुटेना. तिने पर्समध्ये हात घातला, चष्म्याच्या स्क्रूंचा बारका स्क्रूड्रायव्हर काढला, त्याचं टोक गाठीत खुपसून पिळलं आणि नाड्या मोकळ्या केल्या. मग ती फितीखालून वाकून आत शिरली, दोर ओलांडला. अकराच्या अकरा खुंट्यांवर दुकानातून आणलेले कोरे, चकचकीत बूट टांगले होते. मास्तर खेळायचे तेव्हा सहावी खुंटी त्यांची असायची. तिथली कोरी जोडी तिने खाली जमिनीवर ठेवली आणि वडिलांचे बूट टांगले.

"ताई, वस्तूंना हात लावू नका!" व्यवस्थापक दारातून ओरडला. "यादीप्रमाणे आहे सगळं!"

"यादी चुकलीय तुमची."

"उद्या आम्हाला परत तसंच ठेवावं लागेल."

"ठेवा. मी रोज दुपारच्या सुट्टीत येईन आणि परत टांगेन. बघू कोण आधी दमतं."

तिचा आवाज चिरकला होता. इतक्या लोकांसमोर तिने आयुष्यात कधी तोंड उघडलं नव्हतं. भिंत पुढे झाला आणि त्या भल्यामोठ्या देहाने दार अडवून व्यवस्थापकाकडे पाठ करून उभा राहिला. "मास्तर!" त्याने फाटकाच्या दिशेने हाक मारली. "खुंट्यांची भिंत बघून घ्या! न बघता जायचं नाही, हा तुमचाच नियम!"

मास्तर थांबले. मग एकेक पाऊल टाकत परत आले, फितीखालून कष्टाने वाकले आणि आत येऊन खुंटीसमोर उभे राहिले. त्यांनी बुटाच्या तडकलेल्या चामड्यावरून अंगठा फिरवला.

"गाठ कशानं सोडवलीस?"

तिने स्क्रूड्रायव्हर दाखवला. त्यांनी तो हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि परत दिला. "हं," म्हणाले.

याहून जास्त काही झालं नाही. फीत कापली गेली, फोटो निघाले, गुच्छ मिळाला. मास्तर आपल्या खाटेवर दहा मिनिटं बसले, खाटेलाही क्रमांकाची चिठ्ठी होती. मग 'बंद करायची वेळ झाली' म्हणत पहारेकरी आला. दोर पुन्हा लागला. खोली गेली ती गेलीच. रिक्षात मास्तर डोळे मिटून बसले होते आणि तिला एकच भीती होती, घराच्या दाराशी पोहोचल्यावर काय होणार. आपण एवढा तमाशा केला तो सगळा पाण्यात गेला, असंच तिला वाटत होतं.

दाराशी तिने मागे वळून पाहिलं नाही. बघायचा धीरच झाला नाही. तिने सँडल नेहमीसारख्या हॉलमध्येच भिरकावल्या, स्वयंपाकघरात गेली, चहाचं आधण ठेवलं आणि ओट्याला टेकून उभी राहिली. हॉलमधून पावलं ऐकू आली, काहीतरी उचलल्याचा आवाज झाला, खुर्ची सरकली.

मग नवऱ्याचा आवाज आला. "अगं, माझा कोट कुणी काढून खुर्चीवर टाकला? आणि खुंटीवर हे काय लोंबतंय?"

ती बाहेर आली. दाराशेजारच्या भिंतीवर घरातली एकुलती एक खुंटी होती. तिच्यावर तिच्या दुकानात घालायच्या, टाचा झिजलेल्या सँडल पट्ट्याने टांगल्या होत्या. बरोब्बर खाली, आत, जमिनीवर मास्तरांचे बूट होते. शेजारी शेजारी ठेवलेले, नाड्या मोकळ्या.

मास्तर टेबलाशी बसले होते. त्यांनी भिंतीने आणलेला पाव पुढे ओढला होता आणि त्याचा तुकडा मोडत होते.

"कोटाच्या खुंटीला चपला टांगतं का कुणी?" नवऱ्याने हात पुढे केला.

"अहो, हात लावू नका!" ती इतक्या जोरात ओरडली की तो दचकून मागे सरला. मग ती तिथेच, बुटांजवळ, जमिनीवर बसली आणि आठ वर्षांच्या पोरीसारखी हुंदके देऊन रडू लागली. नवरा कोट हातात धरून नुसता उभा होता. आत चहाचं पाणी उकळून निम्मं झालं.